बाजू उलटण्याआधी

शेजारचे काका घर विकून ॲरिझोनाला लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन खोकी माझ्या दारात आणून ठेवली. आत 94 कॅसेटी. बहुतेक सगळ्या 90 मिनिटांच्या, आणि सगळ्यांवर एकाच बँडच्या मैफली : ग्रेटफुल डेड. "विकायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत. ऐक, आणि कुणी मागितल्या तर भरून दे," एवढंच म्हणाले. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहिले. उन्हाळ्यात त्यांच्या गॅरेजमधून ती गिटार ऐकू यायची, कधी कधी अर्धा तास एकच गाणं. आत जाऊन, काका, हे काय लावलंय, असं एकदाही विचारलं नाही. त्याची हळहळ अजून वाटते.

हा बँड कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये 1965 साली उभा राहिला आणि गिटारवादक जेरी गार्सिया 9 ऑगस्ट 1995 रोजी गेला तेव्हा थांबला. तीस वर्षांत 2300च्या आसपास कार्यक्रम. जाम बँड म्हणतात तो प्रकार यांच्यापासूनच रुजला : गाण्याचे शब्द संपतात आणि मग वाजवणारे एकमेकांचं ऐकत पुढे निघतात, कुठे पोचायचं ते आधी ठरलेलं नसतं. 'डार्क स्टार' हे त्यांचं गाणं 1968 साली छोट्या तबकडीवर आलं, ते तीन मिनिटांच्या आत संपतं. पुढच्या वर्षीच्या 'लाइव्ह/डेड' या मैफलीतल्या ध्वनिमुद्रणात तेच गाणं 23 मिनिटं चालतं. आपल्याकडे ज्यानं एकच यमन चार गवयांकडून ऐकलाय त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. बंदिश तीच, बढत त्या रात्रीची. म्हणून यांचे चाहते गाणी जमवत नाहीत, रात्री जमवतात.

आणि बँडनं त्या जमवू दिल्या, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. लोक मायक्रोफोन घेऊन यायचे, उंच काठीला बांधून उभे करायचे. 1984च्या ऑक्टोबरात तर बर्कलीच्या कार्यक्रमापासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं सुरू झाली. अट एकच : विकायचं नाही. मग अनोळखी माणसाला कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, तो भरून परत पाठवायचा. पैशाचा संबंध नाही. काकांच्या 94पैकी सत्तरएक कॅसेटी अशाच आलेल्या. एकीच्या पाकिटात तर पाठवणाऱ्याची चिठ्ठी होती : "दुसऱ्या बाजूला सुरुवातीला थोडी खरखर आहे, क्षमस्व. पुढे द्याल तेव्हा कळवा."

माझ्याकडे कॅसेट वाजवायचा डेक नव्हता. जुना विकत घेतला, तो आला तेव्हा त्याचा रबरी पट्टा वितळून चिकट डांबर झालेला. पट्टा बदलायला दोन शनिवार गेले. मग पहिली कॅसेट लावली, तर आवाज रजईखालून आल्यासारखा.

इथे मामाला फोन केला. सदाशिव पेठेतला माझा मामा, वय 76. त्याच्या कपाटात मन्सूरांच्या, कुमारांच्या घरगुती बैठकींच्या कॅसेटी आहेत, त्याही अशाच हातोहात आलेल्या, कुणी तरी कुणाकडून तरी भरून घेतलेल्या. लहानपणी सुट्टीत त्याच्याकडे गेले की दुपारभर तो एका डेकवरून दुसऱ्या डेकवर काही तरी भरत बसलेला असायचा आणि आम्हा मुलांना पायसुद्धा आपटू द्यायचा नाही.

"हेड पुसलंस?" टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागाबद्दल विचारत होता.

"पुसलं की. घरातल्या स्पिरिटनं."

"त्यात पाणी असतं गं. नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आण. आणि रबरी चाकाला वेगळा बोळा घे. मग हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू दिसेल, तो कॅसेट चालू असताना फिरव. पाव आटासुद्धा नाही, नखाएवढा. ज्या डेकवर भरलंय त्याच्या हेडचा कोन वेगळा, तुझ्या डेकचा वेगळा. डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐक, आणि झांजा चमकायला लागल्या की हात काढून घे."

मी फोन टेबलावर टेकवून ठेवला, डोळे मिटले आणि फिरवत गेले. खरोखर एका क्षणी ड्रमवरच्या झांजा उघडल्या. पुण्यात मामालाही ते फोनवरून कळलं. "थांब! हेच!" म्हणून ओरडला.

त्या दिवसापासून ठरून गेलं. नोव्हेंबर ते मार्च, जमेल त्या रात्री मुलं झोपली की एक कॅसेट, कधी सुट्टीच्या दिवशी दोन. 94 कॅसेटी, दीड दीड तास धरले तर 141 तास. कॅसेट घाईनं भरता येत नाही. जेवढा वेळ ते वाजवत होते तेवढाच वेळ बसायचं. दर कॅसेटीला स्क्रू पुन्हा जुळवायचा, डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करायची सोय, लावून भरलंय की न लावता ते कानानं ठरवायचं, 24 बिटमध्ये उतरवायचं, गाणी तोडायची, आवाज जसाच्या तसा राखणाऱ्या फ्लॅक फाइलींत ठेवायचं. खरखर काढून टाकायचा मोह सुरुवातीला झाला. दोन कॅसेटींवर ती काढूनही पाहिली. खरखरीबरोबर सभागृह गेलं, टाळ्या कागद फाडल्यासारख्या झाल्या. पुन्हा मूळच ठेवलं, आणि नंतर त्याला हात लावला नाही.

पहिल्या वीस कॅसेटींच्या तारखा मी चुकीच्या नोंदवल्या. 4/8/72 दिसलं की मी 4 ऑगस्ट लिहीत गेले, कारण आपण तारीख आधी लिहितो. मग एका कॅसेटीवर 8/27/72 आलं. सत्ताविसावा महिना कुठला? त्या रात्री सगळ्या फाइलींची नावं बदलत पहाटेचे दोन वाजले. 4/8 म्हणजे 8 एप्रिल, युरोपच्या दौऱ्यातली लंडनची रात्र.

8/27/72ची मैफल मात्र मनात घर करून बसली. ऑरेगनमधल्या व्हेनेटाजवळचं माळरान, रणरणतं ऊन. स्प्रिंगफील्डची एक दूधडेअरी अडचणीत होती, तिला हात द्यायला हा कार्यक्रम, आणि तिकिटं छापली होती दह्याच्या लेबलांवर. उन्हानं वाद्यं सारखी उतरत होती, ते मध्येच तारा लावत बसतात. आणि मग अर्ध्या तासाचं 'डार्क स्टार'. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पहिली दहा मिनिटं वाट बघत होते : आता गाणं सुरू होईल. बाराव्या-तेराव्या मिनिटाला वाट बघणं सुटलं. सगळं विरत विरत नुसती किणकिण उरते, फिल लेशचा बास खालून एखादाच स्वर सोडतो, कुणी कुणाला ओढत नाही. माझ्या स्वयंपाकघरात त्या वेळी फ्रीजची घरघर चालू होती, ती मी उठून बंद केली.

मामाला मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर काही तरी ऐकवायचे. हे संगीत त्याला परकं वाटेल अशी मला धास्ती होती. 1969च्या एका कॅसेटीवर 'डार्क स्टार'पासून पुढे बाण काढत काढत 'द इलेव्हन' लिहिलेलं होतं. बाण म्हणजे न थांबता पुढच्या गाण्यात शिरणं, ही या कॅसेटींवरची खूण. ते सुरू झालं आणि पडद्यावर मामाचा हात मांडीवर पडायला लागला. तीन, तीन, तीन, दोन. पुन्हा तीन, तीन, तीन, दोन.

"अगं, अकरा मात्रा! हे कुणाकडून शिकले?"

अकराचं गणित कुणाकडून आलं ते मी सांगू शकत नव्हते, पण दोन ड्रमवाल्यांपैकी मिकी हार्टबद्दल सांगितलं. तो उस्ताद अल्लारखांना 1967 साली भेटला, त्यांच्याकडे शिकला. त्याच्या 1972च्या पहिल्या स्वतंत्र तबकडीवर अल्लारखा आणि झाकीर हुसेन दोघंही आहेत. 1976 साली त्यानं झाकीरभाईंबरोबर दिगा ऱ्हिदम बँड केला, आणि 1991च्या 'प्लॅनेट ड्रम'ला जागतिक संगीताच्या अल्बमचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं. माहीमच्या तबल्याची वाट या कॅसेटींच्या इतक्या जवळून गेली होती. मामा बराच वेळ गप्प राहिला. डिसेंबर 2024मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले त्या दिवशी तो जेवला नव्हता. मग म्हणाला, "पुन्हा लाव. सुरुवातीपासून."

एकसष्टाव्या कॅसेटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे होतं, पण पाणी लागून शाई पसरली होती आणि नुसता निळा ढग उरला होता. वाजवली तर आवाज ये-जा करत होता. कॅसेटीच्या तोंडाशी टेपच्या मागे धातूची पातळ पट्टी असते, तिच्यावर डाळीच्या दाण्याएवढा फेल्टचा तुकडा चिकटवलेला असतो. तोच टेपला हेडवर दाबून धरतो. तो गळून आत पडला होता, खुळखुळत होता. पाच स्क्रू काढले, वरचं झाकण अलगद उचललं, श्वास धरून. दोन्ही चकत्या जागेवर राहिल्या. एका कोऱ्या कॅसेटीतली पट्टी चिमट्यानं काढून हिच्यात बसवली, टेप पुन्हा छोट्या चाकांवरून ओढून घेतली. या सगळ्याला पाऊण तास लागला, आणि शेवटचा स्क्रू आवळताना हात थरथरत होते.

लावली. आधी एक माणूस पुढे चेंगरणाऱ्या लोकांना पाऊलभर मागे सरका म्हणून सांगतोय. मग 'स्कार्लेट बिगोनियाज' सुरू झालं. ते गाणं तोवर मी सात-आठ रात्रींचं ऐकलेलं होतं, म्हणून कान सावध होते. इथे ठेका वेगळाच बसला होता, एकदम आरामात आणि तरीही पुढे झुकलेला. शब्द संपले, बँडची गायिका डोना हिचा आवाज वर तरंगत राहिला, आणि खाली बास केव्हा सरकला ते कळलंच नाही. गाणं अजून आहे असं वाटत असताना आपण 'फायर ऑन द माउंटन'मध्ये उभे असतो. मी मागे नेऊन चार वेळा ऐकलं. शिवण सापडली नाही. दोन्ही गाणी मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त, आणि त्यात गार्सियाची गिटार एकदाही घाई करत नाही. प्रत्येक वेळी वाटतं आता शिखर झालं, आणि तो एक पायरी खाली येऊन पुन्हा चढायला लागतो.

गाण्यांचा क्रम लिहून काकांना पाठवला, ही कुठली रात्र? पाच मिनिटांत त्यांचाच फोन.

"सुरुवातीला कुणी तरी मागे सरका म्हणतंय का?"

"हो."

"बार्टन हॉल. 8 मे 1977. मी 1988 साली एका माणसाला कोऱ्या कॅसेटी पाठवून मिळवली होती. हरवली असं समजत होतो."

कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधल्या या रात्रीची कीर्ती मला तेव्हा ठाऊक नव्हती, आणि ते बरं झालं. बाहेर मे महिन्यात बर्फ पडत होतं. बेट्टी कँटर या बाईंनी मिक्सरवरून ते मुद्रण केलं. पुढे त्यांच्या टेपा एका गोदामात होत्या, भाडं थकलं, 1986 साली लिलाव झाला, आणि नव्या मालकांकडून प्रती पसरत गेल्या. 2011च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ही टेप राष्ट्रीय ठेवा म्हणून घेतली. अधिकृत आवृत्ती 2017 साली निघाली. मी ती लगेच मागवली. तिच्यात बास किती तरी स्वच्छ आहे, दोन ड्रम दोन बाजूंना वेगळे ऐकू येतात. एका मुद्रणाची काळजी करणाऱ्या बाईंचं काम त्यात दिसतं, आणि त्यांचं नाव जितक्या वेळा घ्यावं तितकं थोडं. काकांच्या प्रतीत मात्र पहिली बाजू 'नॉट फेड अवे'च्या सुरुवातीलाच संपते. ठेका पकडला न पकडला तोच खट्, शांतता, आणि दुसऱ्या बाजूला आपण मध्येच कुठे तरी उतरतो. काही सेकंद गेलेले असतात. कॉपी करणाऱ्यानं तेवढा वेळ कॅसेट उलटण्यात घालवला, दुसरा इलाज नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौऱ्याण्णवावी कॅसेट झाली. सगळं एका डिस्कवर घालून काकांना पाठवलं. मामालाही पाठवणार होते, तर तो म्हणाला, "डिस्क-बिस्क नको. ती मागे सरकाची तेवढी कॅसेटवर दे. डेक चालू आहे माझा."

खोक्याच्या तळाशी तीन कोऱ्या कॅसेटी होत्या, वेष्टनसुद्धा न फोडलेल्या. एक फोडली. भरण्याआधी कागदावर मिनिटं मांडली. पहिल्या बाजूला तीनच गाणी घ्यायची. तिसरं संपल्यावर ते खरोखर थांबतात, तारा लावतात. तिथे सात मिनिटं कोरी सोडून उलटायची. मग 'सेंट स्टीफन'पासून 'मॉर्निंग ड्यू'पर्यंतचा सगळा सलग पल्ला आणि शेवटचं गाणं दुसऱ्या बाजूच्या 45 मिनिटांत बसतं, दोन मिनिटं उरतात. कागदावरचं गणित बरोबर निघालं. 'मॉर्निंग ड्यू'चा शेवट कुठेही न तुटता उतरला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

पाठीवर गाण्यांची नावं लिहिली, मध्ये जिथे हवेत तिथे बाण काढले. वर तारीख घातली, 8 मे 1977, महिना अक्षरी. पाकिटात चिठ्ठी टाकली : "मामा, सुरुवातीला थोडी खरखर आहे. पुढे देशील तेव्हा कळव."