बंद केलेल्या कनेक्शनचा पोर्ट परत मिळेपर्यंत

लिनक्सवरच्या प्रॉक्सीच्या (विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या मध्यस्थाच्या) लॉगमध्ये ओळ होती 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस', एरर क्रमांक ९९. वाचून वाटतं, आयपी पत्ता कुठेतरी चुकलाय. पण कनेक्शन आधी नीट चालत असेल आणि लोड वाढल्यावरच ही ओळ येऊ लागली, तर पत्त्याचा काही दोष नसतो. बाहेर जाण्यासाठी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मोकळा पोर्ट (कनेक्शनला लागणारा क्रमांक) मिळालेला नसतो. सीपीयू निवांत, मेमरी भरपूर, पलीकडचा सर्व्हर ठणठणीत, आणि तरीही कनेक्शनं पडत होती.

आधी मोजणी केली. बंद झालेलं कनेक्शन काही काळ पोर्ट अडवून ठेवतं, त्या अवस्थेला टाइम-वेट म्हणतात. 'एसएस -एस' ही आज्ञा टाइम-वेटचा एकूण आकडा देते, पण त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. टीसीपी कनेक्शन ओळखलं जातं ते चार गोष्टींवरून: आपला आयपी, आपला पोर्ट, पलीकडचा आयपी, पलीकडचा पोर्ट. चौघांपैकी एक जरी वेगळा असला तरी कनेक्शन वेगळं, म्हणजे आपला एकच पोर्ट दोन वेगळ्या सर्व्हरांकडे एकाच वेळी चालू शकतो. म्हणून 'एसएस -टॅन स्टेट टाइम-वेट' चालवून पलीकडच्या पत्त्याप्रमाणे मोजणी करायची. स्टेटचा फिल्टर लावला की तो रकाना आउटपुटमधून गायब होतो आणि पलीकडचा पत्ता चौथ्या रकान्यात येतो. रकाने वेगळे काढणाऱ्या ऑक या आज्ञेला पाचवा रकाना दिलात तर हाती काहीच लागत नाही.

मोजणीत जवळपास सगळी कनेक्शनं एकाच बॅकएंडच्या (प्रॉक्सीमागच्या सर्व्हरच्या) एकाच पोर्टकडे गेलेली निघाली. पुढचं गणित सोपं आहे. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट वापरतं, म्हणजे २८,२३२. टाइम-वेट ६० सेकंदांचा. भागाकार केला की सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं, एका आयपीवरून एका ठिकाणी. त्यापुढे रांग तुंबणारच.

हा एक मिनिट कर्नल उगाच दवडत नाही. कनेक्शन जो आधी बंद करतो, टाइम-वेट त्याच्या वाट्याला येतो. त्याने पाठवलेली शेवटची पोच वाटेत हरवली तर समोरचा पुन्हा फिन (कनेक्शन संपवल्याचा संदेश) पाठवतो, आणि त्याला उत्तर द्यायला कोणीतरी जागं असावं लागतं. शिवाय जुन्या कनेक्शनचं नेटवर्कमध्ये रेंगाळलेलं एखादं पॅकेट त्याच चौकडीच्या नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, ही काळजी आहेच. १९८१ च्या मूळ मानकात पॅकेटचं जास्तीत जास्त आयुष्य २ मिनिटं धरलं होतं आणि थांबायचं त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटं. लिनक्सने ते ६० सेकंदांवर आणलं. मॅकओएसवर आयुष्य १५ सेकंदांचं, म्हणून थांबणं ३०.

इथे बहुतेक जण 'टीसीपी_फिन_टाइमआउट' ही कर्नलची सेटिंग कमी करायला धावतात. त्याचा टाइम-वेटशी संबंध नाही. ती मुदत फिन-वेट-२ मध्ये, म्हणजे समोरच्याच्या फिनची वाट बघत, अनाथ पडलेल्या (प्रोग्रामने सोडून दिलेल्या) कनेक्शनांची आहे. लिनक्समधले ते ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्येच कोरलेले आहेत. दुसरा जुना सल्ला 'टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल'चा. एका नॅटमागे (अनेक मशीनांना एकच आयपी देणाऱ्या यंत्रणेमागे) अनेक मशीनं असली की प्रत्येकाचे टाइमस्टॅम्प (पॅकेटवरचे वेळेचे शिक्के) वेगळे येत आणि त्यातल्या काहींची कनेक्शनं गुपचूप टाकून दिली जात. कर्नल ४.१२ मध्ये तो पर्याय काढूनच टाकला, हे बरंच झालं. लिंगर (बंद करताना थांबण्याची मुदत) शून्य करून सरळ रीसेट (कनेक्शन तडकाफडकी तोडणारा संदेश) पाठवला तर पोर्ट लगेच सुटतो खरा, पण बफरमध्ये न गेलेला डेटा असेल तर तोही फेकला जातो. त्या वाटेला मी जात नाही.

उपयोगी पडतो तो 'टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज'. तो १ केला की टाइम-वेटमध्ये किमान एक सेकंद काढलेला पोर्ट कर्नल त्याच ठिकाणच्या नव्या कनेक्शनला देऊ शकतं. दोन्ही बाजूंनी टीसीपी टाइमस्टॅम्प चालू हवेत, कारण जुनं पॅकेट कोणतं हे त्यांवरूनच ओळखलं जातं. आणि हे फक्त बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांना लागू. येणारी कनेक्शनं स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर हा पर्याय लावून फरक पडत नाही. ४.१९ पासून याची मूळ किंमत २ आहे, म्हणजे फक्त लूपबॅकपुरता (मशीनच्या स्वतःशीच होणाऱ्या कनेक्शनांपुरता) चालू. त्यामुळे एकाच मशीनवर चाचणी करून 'आमच्याकडे अडचणच येत नाही' असा निष्कर्ष काढाल तर फसाल.

बाहेर जाणाऱ्या पोर्टांचा टप्पा ठरवणारी 'आयपी_लोकल_पोर्ट_रेंज' वाढवता येते, पण एखादी सेवा जो पोर्ट ऐकते तो त्या टप्प्यात आला तर बाहेर जाणारं कनेक्शन तोच पोर्ट बळकावतं आणि सेवा पुन्हा सुरू होताना अडकते. असे पोर्ट 'आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स'मध्ये आधीच लिहून ठेवायचे. जास्त सोर्स आयपी वापरणार असाल तर आणखी एक खोच: कनेक्टच्या आधी पोर्ट शून्य देऊन बाइंड केलं (आपला पत्ता आधीच बांधून घेतला), तर पलीकडचा पत्ता माहीत नसतानाच कर्नलला पोर्ट निवडावा लागतो, आणि एकच पोर्ट अनेक ठिकाणी वापरण्याची सोय हातची जाते. ४.२ पासूनचा 'आयपी_बाइंड_ॲड्रेस_नो_पोर्ट' ही निवड कनेक्ट होईपर्यंत पुढे ढकलतो.

वाटेत लिनक्सचं नॅट असेल तर तिथलं कॉनट्रॅक (कनेक्शनांची नोंद ठेवणारा भाग) हेही तपासा. तिथे टाइम-वेटची नोंद मुळात १२० सेकंद राहते, मशीनवरच्यापेक्षा दुप्पट.

हे सगळं करूनही खरा उतारा वेगळाच होता: दर विनंतीला कनेक्शन तोडायचंच नाही. बॅकएंडकडे कनेक्शनांचा पूल (पुन्हा पुन्हा वापरायला उघडा ठेवलेला साठा) ठेवला आणि टाइम-वेटचा ढीग ओसरला. एवढंच सांभाळायचं की प्रॉक्सीची निष्क्रियतेची मुदत बॅकएंडपेक्षा कमी असावी. उलट असेल तर बॅकएंडने नुकत्याच बंद केलेल्या कनेक्शनवर विनंती जाते आणि रीसेट परत येतो. मोजणीत टाइम-वेटऐवजी क्लोज-वेट साचलेलं दिसलं तर यातलं काहीच करू नका. समोरच्याने बंद केलंय आणि आपला प्रोग्राम क्लोज म्हणायला विसरलाय. त्याला कसलीही मुदत नसते, कोडच सुधारावा लागतो.

राहिली एरर ९८, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ती येते, कारण त्याच पोर्टवरची जुनी कनेक्शनं टाइम-वेटमध्ये असतात. बाइंडच्या आधी 'एसओ_रीयूजॲड्र' लावला की लिनक्सवर काम होतं. पोर्टवर दुसरं कोणी ऐकत असेल तर मात्र तरीही नकारच मिळतो. विंडोजवर हाच पर्याय दुसऱ्या प्रोसेसला चालू पोर्ट बळकावू देतो, म्हणून तिथे सर्व्हरला 'एसओ_एक्सक्लूसिव्हॲड्रयूज' लावायचा.