गाडीत कुणी धिंगाणा घालत असेल तर कलम १४५ लक्षात ठेवा

रात्रीच्या गाडीत कुणी दारू पिऊन धिंगाणा घालायला लागला की बाकीचे प्रवासी तोंडावर चादर ओढून झोपेचं सोंग घेतात आणि जाऊ दे, सकाळी उतरायचंच आहे म्हणून रात्र काढतात. मला त्यांचा राग येत नाही, घाबरणं साहजिक आहे. राग याचा येतो की कायदा चक्क त्यांच्या बाजूने आहे आणि हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४५. डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत कुठेही नशेत असणं, उपद्रव देणं, अश्लील वागणं, शिवीगाळ करणं, आणि रेल्वेने दिलेल्या सोयींशी मुद्दाम खेळून दुसऱ्याच्या प्रवासाची वाट लावणं, हे सगळं गुन्हा आहे. म्हणजे मारामारीपर्यंत जायची गरजच नाही, नुसतं नशेत असणंसुद्धा पुरतं. अशा माणसाला रेल्वेचा कुठलाही कर्मचारी गाडीतून उतरवू शकतो, तिकीट किंवा पास जप्त होतो, शिवाय ६ महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड. मला यातलं उतरवणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रात्री दोन वाजता लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला पुढे कोर्टात काय होईल याच्याशी काही घेणंदेणं नसतं, तो माणूस आत्ता या डब्यातून जायला हवा असतो.

मागे एका स्लीपरच्या प्रवासात आमच्या शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये चौघं कोल्ड्रिंकच्या बाटलीतून पीत बसले होते, मोबाईलवर गाणी फुल आवाजात आणि बोलणं असं की समोरच्या आजी पदर कानाला लावून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. टीसी आले, "जरा ॲडजस्ट करा" म्हणून पुढे गेले. साइड लोअरवर कॉलेजची एक मुलगी होती, तिने सरळ १३९ ला, म्हणजे रेल्वेच्या हेल्पलाइनला, फोन लावला आणि पीएनआर, डबा, बर्थ नंबर सगळं शांतपणे सांगितलं. पुढच्या मोठ्या स्टेशनवर आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, दोन जवान चढले आणि पहिला प्रश्न विचारला, तक्रार कुणाची आहे? सगळा डबा गप्प. ती म्हणाली माझी. मग आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, माझीपण लिहा. त्यानंतर तीन-चार जण बोलले आणि त्या चौघांना बॅगांसकट खाली उतरवलं.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे, तुम्ही स्वतः फोन नाही केलात तरी चालेल पण कुणी केला असेल तर त्याला एकटं पाडू नका. फोन जमत नसेल तर रेल्वेच्या रेल मदद ॲपवर तक्रार टाका. आणि प्रकरण छेडछाड, मारहाण किंवा चोरीचं असेल तर ते जीआरपीकडे जातं, म्हणजे राज्याच्या रेल्वे पोलिसांकडे, आरपीएफ केंद्राचं. गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत घडला हा वाद तुम्ही घालायचा नाही, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

बाकीची कलमंही आहेत, विनाकारण चेन खेचली तर १४१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, महिलांच्या डब्यात घुसला तर १६२. मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडायचा हा पण नियमच आहे, त्यावरून रोज हुज्जत चालते म्हणून सांगितलं.

पण मला खरंच अस्वस्थ करतं ते १५५ चं दुसरं पोटकलम. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढू न देणं हा गुन्हा आहे, आणि दंड किती तर जास्तीत जास्त २०० रुपये! विरार लोकलच्या दारात गट करून उभे राहणारे आणि बोरिवलीच्या माणसाला आत पाय ठेवू न देणारे सगळ्यांनी पाहिलेत, त्या दारातल्या रेटारेटीत माणूस खाली गेला तर तो परत येत नाही. १९८९ मध्ये २०० रुपयांना काहीतरी वजन होतं, आज दंडाची पावती खिशात घालून तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभा राहील. हा आकडा बदलायला हवा, आणि आपल्या खासदाराला पत्र लिहिताना नवीन गाड्यांच्या आधी हे मागा.