बॅसिल्डन पार्क : उसन्या दारांचा महाल

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेडिंग, तिथून पँगबर्न आणि पुढे थोडंसं अंतर टॅक्सीने. बर्कशायरमधल्या या महालाकडे मला ओढलं ते मुर्शिदाबादने. तिथल्या नवाबाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेला फ्रान्सिस साईक्स बंगालमध्ये गब्बर झाला, मायदेशी परतला आणि १७७१ मध्ये त्याने ही जागा विकत घेतली. १७७६ पासून यॉर्कच्या जॉन कार या वास्तुरचनाकाराने त्याच्यासाठी महाल बांधायला घेतला.

समोरून पाहिलं की बाथ शहराकडचा फिकट दगड, मधोमध आयोनिक (माथ्याला वेटोळी असलेले ग्रीक धर्तीचे) खांब आणि वर त्रिकोणी माथा. नक्षी बेताची, प्रमाण चोख. पैसा कुठून आला हे ठाऊक असूनही इमारत आवडली, काय करणार!

खरी गंमत आत आहे. विसाव्या शतकात घर ओस पडलं. एका बिल्डरने तर ते उचलून अमेरिकेत उभारून द्यायची तयारी दाखवली, किंमत दहा लाख डॉलर! गिऱ्हाईक मिळालं नाही, तेव्हा आतलं सामान विकलं गेलं. त्यातलं काही न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात पोचलं. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिक राहिले, युद्धकैदीही. १९५०च्या दशकात लॉर्ड आणि लेडी इलिफ यांनी हे पडकं घर विकत घेतलं, तेव्हा लोकांनी त्यांना नक्कीच वेड्यात काढलं असणार.

गेलेली दारं आणायची कुठून? लिंकनशायरमध्ये कारनेच काम केलेलं पँटन हॉल नावाचं घर पाडलं जात होतं. इलिफ दांपत्याने तिथली दारं आणि शेकोट्या आणल्या. कारची मापं इतकी काटेकोर की महॉगनीची ती दारं इथल्या रिकाम्या चौकटींत बरोब्बर बसली! मी प्रत्येक दाराला फट शोधत फिरले.

अष्टकोनी दिवाणखाना साईक्सच्या हयातीत पुरा झालाच नाही. आज त्याच्या भिंतींवर लाल फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, आहे. भपका थोडा जास्तच वाटला. पण चित्रकार ग्रॅहम सदरलंडने कोव्हेंट्री कॅथेड्रलच्या टेपेस्ट्रीसाठी (भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रपटासाठी) केलेल्या चित्रांपुढे मात्र बराच वेळ रेंगाळले.

१९७८ मध्ये इलिफ दांपत्याने हे घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. त्यांच्या काळातलं स्वयंपाकघरही बघायला मिळतं. तिथे एक इंग्रज आजी कपाटापुढे थबकून नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्याकडे अगदी हेच होतं!" त्यांना दिवाणखान्यात मी इतकं खूश पाहिलं नव्हतं.