लहान मेंदूची बाजू

विचारात पडलो की आपला हात कपाळाला जातो. नशीबही तिथेच लिहिलेलं, आणि हुशार पोराचं कौतुक करायचं तेही त्याच्या रुंद कपाळाकडे बघून. डोक्याच्या मागच्या बाजूला फार तर टपली बसते. नेमका तिथेच, मानेच्या जरा वर, लहान मेंदू राहतो.

शाळेत तो दोन मार्कांपुरता: 'शरीराचा तोल सांभाळणे.' मोठ्या मेंदूकडे बुद्धी, भाषा, आठवणी. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे श्वास आणि हृदयाचे ठोके, म्हणजे थेट जिवाचा मामला. याच्या वाट्याला तोल.

माझं त्याच्याकडे लक्ष गेलं ते स्वयंपाकघरात. घरी भेजा आला की साफ करायचं काम माझं. हळद-मिठाच्या पाण्यात तो ठेवायचा आणि वरचा ओलसर पापुद्रा लाल शिरांसकट बोटाच्या टोकाने अलगद सोडवायचा. जोर लावला की गोळा हातातच फुटतो. (डोकं दुखतं तेव्हा ठणका असतो तो असल्या आवरणांत नि रक्तवाहिन्यांत, खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. म्हणून तर काही शस्त्रक्रियांत रोग्याला जागं ठेवून, बोलतं करून सर्जन काम करतात.) बोकडाच्या मोठ्या मेंदूच्या वळ्या जाड, ढोबळ. मागचा लहान मेंदू मात्र नऊवारीच्या निऱ्या दाबून बसवाव्यात तसा, बारीक चुण्याचुण्यांचा. तिथला पापुद्रा निघता निघत नाही. "अगं, भेजा साफ करायचाय, अभ्यास नाही!" सासूबाई ओरडतात.

माणसाच्या या चुण्यांत किती मावतं, त्याचा हिशेब 2009 साली आला. ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा चक्क एकजीव द्रव केला आणि त्याच्या नमुन्यातली पेशीकेंद्रकं मोजली. अख्ख्या मेंदूत सरासरी 86 अब्ज चेतापेशी निघाल्या. त्यांतल्या 69 अब्ज एकट्या लहान मेंदूत, आणि वजनाने हा जेमतेम दहावा हिस्सा! मोठ्या मेंदूच्या ज्या वळ्यावळ्यांच्या बाहेरच्या थराचा (कॉर्टेक्सचा) एवढा तोरा, तिथे 16 अब्ज. नुसत्या संख्येवर अक्कल ठरत नाही, मान्य. तरी दोन मार्क कमीच झाले.

मोठा मेंदू हुकूम सोडून मोकळा होतो: कप उचल. हात किती लांबवायचा, कुठे आवरायचा, आज चुकलं तर उद्या कसं सुधारायचं, ही सगळी निस्तरानिस्तर लहान मेंदूकडे. सासूबाई फोनवर भावजयीशी बोलत पोळ्या लाटतात. नजर भलतीकडे, पोळी गोल. "आई, हे जमतं कसं?" मी विचारलं. त्या थबकल्या, लाटण्याकडे निरखून बघायला लागल्या आणि ती पोळी पार वेडीवाकडी झाली.

याचं बिनसलंय का, हे बघायला डॉक्टर रोग्याला आधी स्वतःच्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला बोट लावायला सांगतात. बिनसलं असेल तर बोट जवळ येता येता थरथरतं, कधी पुढे निसटून जातं. दारूही याला बाधते. पाय फाकतात, जीभ अडखळते, किल्ली कुलपाच्या आजूबाजूला फिरत राहते. आणि मोठा मेंदू? तो जिन्याचा कठडा धरून शेजाऱ्यांना छातीठोकपणे सांगत असतो, की आज आपण थेंबसुद्धा घेतलेला नाही.