बाराखडी तर त्यांना येतेच की

वाचनात अडलेल्या एकेका मुलाशेजारी बसून त्याला कसं शिकवायचं, हे मी शिक्षकांना शिकवते. ते कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर तोंडी उत्तर द्यायचं मी कधीच सोडलंय. प्रश्न ठरलेला असतो. “शिक्षकांना बाराखडी येतेच की. मग एका मुलाला शेजारी बसवून वाचायला शिकवायचं, याचं वेगळं प्रशिक्षण कशाला?” केंद्रप्रमुख विचारतात. हजेरीवर सही करून मागची भिंत धरून बसलेले गुरुजी विचारतात. दिवाळीत नणंदेनं विचारलं, “म्हणजे तू शिकवण्या घ्यायला शिकवतेस?” हो म्हटलं आणि चकल्या तळत राहिले.

बाराखडी येते याबद्दल वादच नाही. इतकी येते, की ती न येणं म्हणजे काय हे आता त्यांना आठवतच नाही. ‘सायकल’ हा शब्द घ्या. लिहिताना सा, य, क, ल अशी चार अक्षरं. बोलताना मात्र आपण ‘साय्‌-कल्‌’ म्हणतो, य आणि ल यांच्यातला अ गिळून टाकतो. चौथीतलं पोर बोट ठेवून “साऽ, यऽ, कऽ, लऽ” म्हणतं आणि गुरुजींच्या तोंडाकडे बघतं. चारही अक्षरं बरोबर, शब्द मात्र कुठंच नाही. गुरुजी म्हणतात, “हं, मग काय झालं?” पोर पुन्हा तेच म्हणतं. मग गुरुजींना राहवत नाही. “सायकल!” पोरही म्हणतं, सायकल. पुढचा शब्द. एवढ्या वेळात पोर एकच गोष्ट शिकलं, की जरा थांबलं की उत्तर मिळतं.

आमचं निम्मं प्रशिक्षण म्हणजे ते “सायकल!” गिळायला शिकणं. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे फार जड जातं. हसू नका, एकदा करून बघा.

उरलेलं निम्मं म्हणजे ऐकणं. वहीत बरोबर-चूक अशी खूण करायची नाही, मूल जे बोललं ते अक्षरशः लिहायचं. एकजण ‘शनिवार’ला ‘शिनवार’ म्हणतो, कारण पहिली वेलांटी न च्या आधी, म्हणजे श ला लागून उभी दिसते. दुसरीला घ आणि ध मधला फरकच दिसत नाही. तिसरा ‘ओसरी’ खणखणीत वाचतो, पण घरी पावरी बोलली जाते, त्यामुळे ओसरी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. आणि वर्गाच्या तक्त्यावर तिघांच्याही नावापुढे एकच शेरा, ‘शब्द स्तर’. स्तर पाडणं वाईट असं मी म्हणत नाही. कुणाला कुठल्या गटात बसवायचं ते त्यातून कळतं, आणि बहुतेक मुलं गटातच पुढे सरकतात. जी सरकत नाहीत ती का अडलीत, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

ही कल्पना माझी नाही. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी सत्तरच्या दशकात ‘रीडिंग रिकव्हरी’ उभी केली. पहिलं वर्ष संपूनही वाचनात मागं राहिलेलं सहा वर्षांचं मूल, रोज अर्धा तास, एकच शिक्षक, १२ ते २० आठवडे. शिक्षकाचं प्रशिक्षण वर्षभर, तेही शाळेतलं काम सांभाळून. एकजण काचेपलीकडे मुलाला शिकवतो आणि अलीकडे बसलेले बाकीचे बघता बघता चर्चा करतात. काच एका बाजूनंच पारदर्शक, त्यामुळे मुलाला ही माणसं दिसत नाहीत. आमच्याकडे काच कुठली? केंद्रशाळेतला एक वर्ग, सतरंजी, खिडकीपाशी शिक्षक आणि मूल, मागं वह्या घेऊन बाकीचे. मूल वळलं की सगळे दिसतात.

आता लगेच तुम्ही मला ती बातमी पाठवणार, म्हणून आधीच सांगते, वाचली आहे. अमेरिकेत रीडिंग रिकव्हरीतल्या मुलांचा पुढचा मागोवा घेतला, तो २०२२ मध्ये समोर आला. पहिलीत मोठी झेप घेतलेली मुलं तिसरी-चौथीत कार्यक्रमात नसलेल्या तशाच मुलांपेक्षा मागं होती. खुद्द न्यूझीलंडच्या सरकारनं २०२४ मध्ये या कार्यक्रमाचे पैसे बंद करायचं ठरवलं. त्या पद्धतीतला एक भाग मीही वर्षानुवर्षं शिकवला. शब्द अडला की चित्र बघ, वाक्य बघ, काय असेल ते सांग. आज मी तो शिकवत नाही. आपल्या लिपीत अक्षर आवाज दाखवतंय, मग त्यावरून नजर हटवून चित्राकडे का न्यायची? पण तेव्हाची मी गप्प बसत नाही. ती म्हणते, ओसरीवाल्या पोराचं काय? त्याची नजर अक्षरावरच होती ना? हा वाद आमच्यात अधूनमधून पेटतो. जिंकत कुणीच नाही.

आता त्या गुरुजींची गोष्ट. त्याबद्दल तुम्ही कुठून कुठून ऐकलंय, आणि दर वेळी त्यात मी जरा जास्तच दुष्ट होते.

डोंगरातली द्विशिक्षकी शाळा. गुरुजी निवृत्तीला आलेले, पहिलीपासून चौथीपर्यंत तीच मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. वाचताना अडणारं मूल घेऊन या असा निरोप होता. ते म्हणाले, माझ्याकडे तसं कुणीच नाही. आणि पुरावा म्हणून चौथीतली एक मुलगी घेऊन आले. मोटरसायकलवरून उतरली, दोन्ही वेण्यांना रिबिनी. पाठ्यपुस्तकातला धडा उघडला आणि तिनं तो कुठंही न अडखळता म्हणून दाखवला. मागून कुणीतरी “वा!” म्हणालं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.

मी सगळ्यांनाच देते तो कागद त्यांच्या हातात दिला. हातानं लिहिलेला, शब्द त्या धड्यातलेच, वाक्यं वेगळी. त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली, धड्याच्या पहिल्या वाक्यापासून. बोट ओळीवरून पुढे जात होतं, आवाज धड्यातून. कागद संपला, बोट सतरंजीवर आलं, धडा चालूच.

कुणी हसलं नाही, हे मुद्दाम सांगते.

गुरुजी म्हणाले, “परत वाच.” तिनं परत तेच म्हटलं. “नीट बघून वाच.” आता ती थांबली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं, हे काय? तिनं दुसरंच सांगितलं. पुढचं अक्षर. मग त्यापुढचं. म, क, स आणि तिच्या नावातली अक्षरं सोडली तर तिला फारसं काही येत नव्हतं. चार वर्षं. काम चालू असताना मागच्यांनी मध्ये बोलायचं नाही असा आमचा नियम आहे, आणि मीही बोलले नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, “मॅडम, हे सगळ्यांसमोरच करायचं होतं का?” मुलीला घेऊन ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा केला, असं बोललं गेलं. मुलगी मी निवडली नव्हती. कागद सगळ्यांनाच मिळतो. त्याच रात्री त्या बॅचमधल्या शिक्षकांचे फोन आले, तसा कागद कसा लिहायचा ते सांगा म्हणून. आपल्या वर्गातली खणखणीत वाचणारी मुलं त्यांना अचानक आठवू लागली होती. बंद खोलीत हे झालं असतं का? नाही. मी थांबवायला हवं होतं का? मला अजूनही तसं वाटत नाही. पण त्या मुलीला यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिला ढ म्हणायची कुणाची छाती असेल तर त्यानं आधी अख्खं पुस्तक पाठ करून दाखवावं. तिच्या समजुतीप्रमाणे ती वाचतच होती. बोट सरकवत बोलायचं, यालाच शाळेत वाचन म्हणतात ना?

गुरुजी तिसऱ्या दिवशी आले, एकटेच. बसले नाहीत. “पट २२. मी हिच्या शेजारी बसलो तर बाकीची २१ काय करतील? ऑनलाइन माहिती कोण भरणार? बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम, आहाराचा हिशेब?” मी म्हटलं, सगळ्यांसोबत नाही हो, गटात सरकत नाहीत त्या तीन-चारजणांसोबतच, रोज वीस मिनिटं. ते म्हणाले, “म्हणजे ऐंशी.”

खरंय, ऐंशी. बाराखडीच्या प्रश्नानं मी चिडते, या प्रश्नावर मात्र गप्प होते. ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची देशभरची पाहणी. तिच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतात पाचवीतल्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या एवढ्या मुलांच्या शेजारी कोण आणि किती बसणार? त्यात शिक्षकाचा कान तयार व्हायला वर्ष जातं आणि तयार झाला की बदली. बदली झाली तरी कान त्याच्यासोबतच जातो, अशी मी स्वतःची समजूत घालते. ज्या शाळेतून तो गेला तिथल्या मुलांना त्याचा काय उपयोग, असं कुणी विचारलं की विषय बदलते.

पुढच्या बॅचला पुन्हा सगळ्यांसमोर बसवणार का, असंही तुम्ही विचारलंत. बसवणार. एवढंच, की आता मुलाला आदल्या दिवशी सांगतो, मागं माणसं असतील, चालेल का? नको म्हणालं तर नाही. घरच्यांनाही कळवतो. परवा शिक्षण परिषदेत गुरुजी भेटले, चहाच्या वेळी त्यांना हे सांगितलं. कप खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे पोराला विचारणार. मास्तराला नाही.”