खुराड्यातली अर्धा इंचाची फट

सकाळी खुराडं उघडलं आणि कोंबडी कमी भरली, तर लगेच झाडलोट करू नका. आधी नीट बघा. एकच कोंबडी गायब आणि गडग्यापलीकडे पिसांची रांग, तर रानमांजर किंवा कोल्हा. चार-पाच कोंबड्या मानेला चावून तिथेच टाकलेल्या आणि खाल्लेलं फारसं काही नाही, तर मुंगूस किंवा उदमांजर. बंद जागेत कोंबड्या जिवाच्या आकांताने फडफडतात आणि फडफड चालू आहे तोवर चावणंही चालू राहतं. मुंगूस दिवसा फिरतं, उदमांजर रात्री, त्यामुळे प्रकार कधी घडला यावरून दोघांत फरक करता येतो. जाळीच फाटली असेल आणि पाठीची पिसं उपटलेली असतील, तर कुत्री. अंडी किंवा पिल्लं नाहीशी झाली, मागे टरफल नाही की पीस नाही, तर बहुतेक साप.

एवढं कळलं की शिकारी आत कुठून आला ते शोधायचं. बहुतेक वेळा ती जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लहान असते.

दुकानात कोंबड्यांची जाळी म्हणून मागितलीत तर षटकोनी भोकांची, पातळ तारेची जाळी हातात पडते. खुराड्याला ती लावू नका. कुत्रं दातात धरून ती ओढून उसवतं, आणि इंचभर भोकातून उंदीर, बारका साप सहज जातो. अर्धा इंच चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्डिंगने जोडलेली जाळी घ्या, १९ किंवा २० गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी). कोकणातल्या दमट हवेत सांध्यांवर गंज आधी चढतो, म्हणून वेल्डिंग झाल्यावर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मागा. महाग पडते, पण पैसे वाचवायचेच असतील तर छपरात किंवा रंगात वाचवा. १० कोंबड्यांना रात्रीपुरतं ५ बाय ४ फुटांचं, ३ फूट उंच खुराडं पुरतं. चारही बाजूंना जाळी लावायची तर ३ फूट रुंदीच्या रोलमधली १८ फूट लागते. कापाकापीसकट २० फूट घ्या.

जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका. जनावर बाहेरून जोर लावतं तेव्हा ती चौकटीवरच दाबली जाते. आतून लावली असेल तर तोच जोर खिळे उपटतो. स्टेपल गनच्या पिना पहिल्या पावसाळ्यात सुटतात. इंचभराचे यू-खिळे दर ४ इंचांवर मारा आणि कडेवरून लाकडी पट्टी स्क्रूने आवळा.

आता वर बघा, कारण छपराकडे कोणी बघतच नाही. नालीदार पत्रा सरळ वाशावर टेकवला की प्रत्येक लाटेखाली पाऊण इंचाच्या आसपास फट राहते. पाच फुटांच्या पत्र्याला अशा वीसेक फटी. जाळीची ३ इंच पट्टी कापा, लांबीत दुमडा आणि त्या लाटांत ठासून बसवा. सिमेंटने बुजवलंत तरी उंदीर थांबेल, पण वारा बंद होईल आणि पावसाळ्यात आत विष्ठेचा उग्र वास कोंडेल. डोळ्यांना झोंबणाऱ्या त्या वाफेने कोंबड्यांना सर्दी, घरघर लागते. भीतीपोटी सगळ्या बाजू फळ्यांनी बंद करणाऱ्यांच्या कोंबड्या शिकाऱ्यापासून वाचतात आणि आजाराने जातात. छप्पर कौलारू असेल तर कौलांखाली पूर्ण जाळी हवीच. उदमांजर कौल सरकवून आत उतरतं, त्याला ते अवघड नाही.

दाराची कडी मधोमध एकच असते, आणि घोळ तिथेच होतो. दार बंद दिसतं, पण खालचा कोपरा बोटाने ढकला. इंचभर मागे जातो. मुंगसाला तेवढं पुरतं. वर आणि खाली अशा दोन कड्या लावा आणि कोयंड्यात खिळा किंवा कुलूप अडकवा. दाराला ४ इंच उंच उंबरा ठेवा, नाहीतर आतलं भाताचं तूस फटीत साचतं आणि दार पूर्ण बसत नाही.

खुराडं जमिनीवर असेल तर खालून उकरून येणाऱ्यांचा बंदोबस्त करावा लागतो. भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला २ फूट रुंद जाळी आडवी अंथरा, भिंतीच्या जाळीला तारेने शिवा आणि २-३ इंच मातीखाली दाबा. कातळ असेल आणि खणता येत नसेल तर वर चिरे मांडा. कुत्रं असो, कोल्हा असो की घूस, उकरायला सुरुवात भिंतीला लागूनच करतात. नखं जाळीला लागतात, आणि दोन फूट मागे सरून उकरावं हे त्यांना सुचत नाही. खुराडं पायांवर उभं करायचं असेल तर अडीच फूट उंच ठेवा, प्रत्येक पायाला दीड फूट गुळगुळीत पत्रा गुंडाळा आणि शिडी रात्री काढून ठेवा. जवळ आंब्या-फणसाची फांदी टेकलेली असेल तर हे सगळं फुकट जातं. पायांच्या बुडाला ग्रीस लावलं की मुंग्याही अडतात. अंड्यातून नुकत्या निघणाऱ्या पिल्लाला मुंग्या जिवंतपणी खातात, हे फार जणांना ठाऊक नसतं.

बसायचे बांबू जाळीपासून फूटभर आत ठेवा. जाळीला चिकटून झोपलेल्या कोंबडीचा पाय किंवा डोकं मोठ्या भोकातून बाहेर ओढलं जातं.

दिवसाचा धोका वेगळा. घार, शिक्रा आणि कावळे पिल्लं उचलतात, म्हणून पहिले पाच-सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, किंवा जाळीच्या आवारात ठेवा. आवारावर ७ फूट उंचीवर जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधा. पानं साचून ते खाली येतं, ती आठवड्याला झाडा. मात्र हेच नायलॉनचं जाळं जमिनीलगत लावू नका, त्यात धामण अडकून तडफडून मरते. चकचकीत सीड्या टांगल्या तर घार थोडे दिवस बिचकते, मग सरावते. डांबरगोळ्यांनी साप थांबत नाही, कोंबडीने टोचली तर तिलाच विषबाधा होते. साप येतो उंदरांमागे, आणि उंदीर सांडलेल्या दाण्यामागे. दाणा पत्र्याच्या डब्यात ठेवा, संध्याकाळी उरलेला उचला, अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. उंदरांना विष घालू नका. मेलेला उंदीर कोंबड्याही टोचतात.

कुंपणात घरचा वीजप्रवाह सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात. मुंगूस, घोरपड, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. फासे लावू नका. साप किंवा बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि दिवेलागणीला मोजणी. पावसाळ्यात ढगांमुळे कोंबड्या लवकर आत शिरतात, म्हणून घड्याळाकडे न बघता उजेडाकडे बघून दार लावा. एक कमी भरली तर झुडपांत शोधा. खुडूक कोंबडी चोरून अंड्यांवर बसलेली असते, आणि जी रात्र ती बाहेर काढते त्या रात्री ती सगळ्यांत सोपं भक्ष्य असते.

हल्ला झालाच, तर जखमी कोंबडी वेगळी काढा, रक्त दिसलं की बाकीच्या तिला टोचतात. जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशी बसू नये म्हणून मच्छरदाणीखाली ठेवा, नाहीतर जखमेत अळ्या पडतात. खोल चावा असेल तर पशुवैद्यांना दाखवा. आलेलं जनावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री पुन्हा येतं, त्याच वाटेने. तेव्हा दुरुस्ती अंधार पडायच्या आत. जाळी मिळाली नाही तर त्या रात्री कोंबड्या डालग्यांत घालून पडवीत घ्या, डालग्यांवर चिरा ठेवा आणि दार आतून लावा.