बॉयकॉट आणि गट्टी फू

इस्त्रीवाल्याने कपड्यामागे एक रुपया वाढवला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'बॉयकॉट' पुकारला गेला. भर दुपारी, जेवणं उरकून, सोफ्यावर आडवं पडून. मला हसू आलं ते त्या शब्दाचं, कारण त्याच्या जन्मकथेतही कपड्यांचा प्रश्न आहेच. फक्त उलट्या बाजूने.

१८८० साल, आयर्लंडमधला मेयो परगणा. लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पीक बुडालेलं, कुळं खंडात सूट मागत होती आणि हा त्यांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा बजावत होता. गावाने हात उगारला नाही, संबंध तोडले. गडी शेतातून निघून गेले, दुकानदार माल देईनात, लोहाराला धमकीचं पत्र आलं, धोबिणीला साहेबाचे कपडे धुवायची बंदी झाली. हे सगळं गाऱ्हाणं साहेबाने लंडनच्या 'टाइम्स'ला कळवलं! शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणली, त्यांच्या राखणीला पलटण. पाचेकशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार गेले म्हणतात. वर्ष सरायच्या आत कॅप्टनने गाव सोडलं, पण तोवर त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं होतं.

त्या धोबिणीला कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

आमच्या वाड्यात याला 'गट्टी फू' म्हणत. आउट झालं की बॅट घेऊन घरी जाणाऱ्या एका पोराशी आम्ही सगळ्यांनी गट्टी फू केली आणि कुणाच्या तरी आईचं धोपटणं घेऊन खेळायला लागलो. तो पायरीवर बॅट मांडीवर घेऊन बसायचा. आमच्यातलं सगळ्यात धाकटं कार्टं बॉल आणायच्या निमित्ताने त्याच्यापाशी जाई, तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटे आणि पळत परत येई. त्याला फितूर ठरवायचं की नाही, यावर आमच्या बैठका झाल्या.

क्रिकेटवरून आठवलं. इंग्लंडच्या जेफ्री बॉयकॉटने १९६७ साली हेडिंग्लेला आपल्याविरुद्ध नाबाद २४६ काढले, आणि संथ खेळला म्हणून पुढच्या कसोटीतून त्याला वगळलं. पुढे १९८२ मध्ये, वर्णद्वेषापायी दक्षिण आफ्रिकेशी कुणी खेळत नसताना, हा तिथे खेळून आला. या आडनावाच्या माणसाने तरी बहिष्कार मोडू नये!

टिळकांनी विलायती मालावर पुकारला तो बहिष्कार आपण शाळेत पाठ केला. सत्तेपुढे हात नुसते मागे घ्यायचे, हे मेयोशी जुळणारं. पण आपल्या गावकीला वाळीत टाकायला कुणा कॅप्टनची गरज नव्हती. आपल्याकडे ज्यांच्या हातात सगळं, तेच दुसऱ्याचं पाणी, किराणा, दळण तोडत आले. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात लागू झाला तो २०१७ साली. म्हणजे अगदी परवा.